गाश नदीच्या अलीकडे

नदीतलं आपल्याला सगळं कळतं, असं आमच्या साहेबांचं ठाम मत. माणूस रत्नागिरीकडचा, खाडीकाठी वाढलेला. बहरीनच्या बाजारात, बाब अल बहरीन या वेशीच्या मागे त्यांचं कापडाचं ऑफिस होतं. मी तिथे टायपिंग करायचे, आणि रजेचे अर्जही माझ्याच गळ्यात.

व्हॅनचा ड्रायव्हर एरिट्रियाचा. लढाईत पोरवयातच पळालेला. आता देश स्वतंत्र झाला होता आणि त्याला एकदा आईला भेटायचं होतं. रजा हिवाळ्यात हवी, म्हणाला. आईचं गाव गाश नदीच्या पलीकडे, मध्ये पूल नाही. वर्षातले बरेच महिने नुसती वाळू, खुशाल चालत जा. पण जुलै-ऑगस्टात वरच्या पठारावर पाऊस पडला की तिकडचं सगळं पाणी उतरून खाली येतं. गावात लख्ख ऊन आणि नदी दुथडी.

"पाऊस नाही तिथे पूर कसला?" साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, आमच्या परभणीकडचे ओढेसुद्धा असेच येतात. पाऊस वर, लोंढा खाली."

"तुम्ही घाटावरच्या. तुम्हाला नदीतलं काय कळतंय?" त्यांनी पोराचा शाळेचा अ‍ॅटलास उघडला. गाशची रेघ तुटक, आणि पुढे सुदानात वाळूतच संपलेली. "समुद्राला मिळत नाही ती कसली नदी? हिवाळ्यात आपला सीझन असतो. जुलैत जा म्हणावं, दोन आठवडे. खलास."

पालथ्या घड्यावर पाणी. चरफडत अर्ज टाइप केला, दुसरं काय करणार? ड्रायव्हर 'इंशाल्ला, मॅडम' म्हणाला आणि गेला.

तो परतला तेव्हा साहेबांनी विचारलं, "क्या रे, माँ को देखा?"

"देखा, साब."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की नदी जणू त्यांनीच आटवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुपारी साहेब नमाजाला गेल्यावर मी त्याला नीट विचारलं. अर्धी रजा वाटेतच गेली होती, उरलेली अलीकडच्या काठावर. पाणी उतरलंच नाही. तो आलाय ही बातमी कशी कोण जाणे पलीकडे पोचली, आणि आई रोज काठावर येऊ लागली. पण तिच्यासोबत गावातल्या बायकाही यायच्या. सगळ्यांच्या अंगावर पांढरं. पात्र एवढं रुंद की तोंडं दिसत नव्हती, हाक पोचत नव्हती.

मग आईला ओळखलंस कसं, मी विचारलं.

"नहीं पहचाना," तो म्हणाला. "सबको हाथ किया."