तपकिरीच्या शेवटच्या डबीसाठी बहारीन

लोक बहारीनला मॉल बघायला जातात. मी तपकिरीसाठी गेले. नाकं मुरडू नका. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या गणिताच्या सिस्टर वर्गाकडे पाठ करून चिमूटभर ओढायच्या, तेव्हापासून मला गुलाबाच्या इंग्रजी स्नफचं आकर्षण. नोकरीला लागल्यापासून दुसरी तपकीर नाकाला लावली नाही. आणि ती बनवणाऱ्यांनी कारखानाच बंद केला! मी कडक ईमेल लिहिली. उत्तर खुद्द मालकाचं आलं. हॅरल्ड आता मुलीकडे, बहारीनच्या जनाबियात राहतात. ‘एक डबी उरली आहे. वापरणाऱ्याच्याच हाती देईन.’

भाची तिथेच, झिंज भागात राहते, तेव्हा हॉटेलचा प्रश्न नव्हता. तुम्ही जाल तर थंडीतच जा, आणि सकाळी भट्टीतली गरम खुबूस रोटी खा. टॅक्सी घेतलीत तर मीटर लावायला सांगा. मला भाचीने तिच्या ओळखीचा चिपळूणचा तानाजी गाडीसह दिला.

“मावशी, एवढ्या लांब मशेरीसाठी आलात?”

“मशेरी दाताला लावतात. हा स्नफ आहे.”

“म्हणजे नाकाची मशेरी.”

जनाबिया येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसले. बाहेर एकसारख्या बंगल्यांशिवाय काही नव्हतं.

हॅरल्ड उंच, वाळके, एसीत स्वेटर घालून बसलेले. “शेवटी लोक फक्त आमचं पाणचक्कीचं चाक बघायला यायचे,” ते म्हणाले. “रिकाम्या डब्या घ्यायचे, इअरफोन ठेवायला.” माझं रक्त उकळलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. आजारपणात त्यांना वास येणंच बंद झालं होतं. शेवटचा घाणा त्यांनी तसाच, अंदाजाने मिसळला. “कसा झालाय, मलाच माहीत नाही. वापरून सांगाल?”

डबी घेऊन मी उठले. तेवढ्यात दारातला तानाजी शिंकला.

“बसा मावशी. पाणी प्या, मग यल्ला, निघू.”

“शिंक तुझी, आणि बसू मी?”

“शिंको कोणीही. बसायचं निघणाऱ्यानं.”

वादापेक्षा पाणी बरं म्हणून बसले. आणि फाटकात गाडी वाजली. हॅरल्ड पांढरे पडले. “मुलगी. तिला डबी शोकेसमध्ये हवीय.” ऐंशीच्या माणसात इतकी चपळाई मी पाहिली नव्हती. त्यांनी डबी माझ्या हातून घेतली, झाकणाची सीलपट्टी फाडली, तपकीर माझ्या चष्म्याच्या केसमध्ये ओतली, डबीत टेबलावरची कॉफीची पूड भरली आणि फाटकी पट्टी अंगठ्याखाली दाबली.

“डॅडी, ही द्यायची नाही हं,” म्हणत मुलीने डबी काचेमागे, पितळी उंटाशेजारी ठेवली. आम्ही तिघांनी आदराने पाहिलं.

“खलास,” तानाजी पुटपुटला.

पुण्याला येऊन केस उघडली. चिमूट ओढली. गुलाब नाही. तंबाखूही नाही. लवंग जास्त झालेली, आणि मागून चष्मा पुसायच्या द्रवाचा वास. मी हॉटेलातला चहासुद्धा परत पाठवणारी बाई आहे. काय सुनावायचं ते ठरवूनच ठेवलं.

रविवारी हॅरल्डचा फोन आला. आधी शोकेसचं सांगितलं. पाहुणे डबीपुढे उभे राहतात, मुलगी म्हणते काचेतूनही इंग्लंडचा वास येतो. मग थांबले. “आणि घाणा?”

“पहिल्यासारखाच,” मी म्हटलं.

“गुलाब जाणवतो?”

“जाणवतो.”

“मग पुढच्या रविवारीही फोन करतो,” म्हणत त्यांनी फोन ठेवला.

आता रोज चहानंतर एक चिमूट घेते. पुढच्या रविवारी पुन्हा विचारतील, आणि खोटं सांगायलाही निदान नाकात काही असावं.