बांधावरचा आंबा आणि दौलतशेठची शृंगारकथा

पुण्याजवळ रावेतला माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाचे बोर्ड, लग्नाचे बायोडाटा, भाडेकरार, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनवर निघतं. मी मूळचा धाराशिवकडचा आणि गाळा दौलतशेठचा. म्हणून आधीच सांगून ठेवतो, त्या माणसाच्या वाङ्मयाला मी जबाबदार नाही. मी फक्त टाइप केलंय. गाळामालक म्हणाला टाइप कर, तर भाडेकरूनं काय म्हणायचं, हात दुखतोय?

दौलतशेठ म्हणजे इथल्या जुन्या घरातले. बापानं कसलेल्या रानावर यांनी बिल्डिंगी उठवल्या, पोरं वाकडला फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि शेठला दिवसभर करायला काही उरलं नाही. अशी माणसं इथं काय करतात? कोणी निवडणुकीला उभं राहतं, कोणी शर्यतीचे बैल पाळतं, कोणी गळ्यातली चेन दरवर्षी जाड करतं. शेठ तिन्ही करून बसले होते. मग त्यांच्या डोक्यात शृंगारकथा शिरली. कोणीतरी मोबाईलवर असल्या कथांचं अ‍ॅप दाखवलं आणि शेठ म्हणाले, ह्ये तर आमी बी लिहू.

लिहू म्हणजे सांगू. शेठ दुपारी दुकानात यायचे, खुर्ची माझ्या कानाला लावायचे आणि हळू आवाजात कथा सांगायचे. समोर माणूस आधारची झेरॉक्स मागत उभा, बाजूला एक मावशी पोरीचा बायोडाटा घेऊन बसलेली आणि माझ्या कानात शेठची नायिका केस मोकळे सोडतेय. मी घामाघूम. एकदा त्या गडबडीत मावशीच्या पोरीच्या ‘अपेक्षा’ या रकान्यात मी नायिकेचं एक वाक्य टाइप करून बसलो होतो. प्रिंट काढायच्या आधी दिसलं म्हणून वाचलो, नाहीतर त्या पोरीचं लग्न एकतर मोडलं असतं, नाहीतर लगेच जमलं असतं.

आणि कथा तरी कशा? नायिका कायम वाकडच्या टॉवरमधली, आयटीत नोकरी करणारी. शेठ सुरू करायचे ते फ्लॅटपासून. पूर्वेला तोंड, हायवे पाच मिनिटांवर, दोन गाड्यांचं पार्किंग, चोवीस तास पाणी. मी म्हणायचो, शेठ, बाई कधी यायची? ते म्हणायचे, थांब, आधी जागा क्लिअर होऊ दे. मग बाई यायची, तर तिचं वर्णन चतुःसीमेसारखं. पूर्वेस खिडकी, पश्चिमेस पलंग, दक्षिणेस कपाट, मध्ये बाई. आणि ज्यासाठी लोक असलं वाचतात तो मजकूर आला की शेठचा घसा बसायचा. म्हणायचे, आता टिंबं टाक. मी तीन टिंबं टाकायचो. ते म्हणायचे, अजून टाक, लय वेळ चालतंय ते. अशी अर्धं पान टिंबं. अ‍ॅपवर एका वाचकानं खाली लिहिलं होतं, ‘कथा छान, फ्लॅट भाड्यानं मिळेल का?’ शेठनं मला त्याला उत्तर द्यायला लावलं, डिपॉझिटसकट.

मी हसत असे, पण शेठची खरी कळ वेगळी होती. त्यांना अ‍ॅपवरच्या वाचकांचं काही पडलं नव्हतं. एकदा चहा पिताना ते सरळ बोलून गेले, आमच्या हिनं एकदा वाचली पाहिजे. ‘हिनं’ म्हणजे कस्तुराकाकींनी. काकी घरात कामापुरतं बोलणाऱ्या. आयुष्यभर शेठनं जमिनीचे कागद समोर ठेवायचे आणि काकींनी न वाचता सही करायची, असा त्यांचा संसार. आता बायकोनं आपलं काहीतरी वाचावं आणि बरं-वाईट कायतरी म्हणावं, एवढीच त्या माणसाची हौस होती. टिंबं वाचून ती बाई काय म्हणणार, हा प्रश्न मी विचारला नाही.

मग एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. शेठ आले, बसले आणि रस्त्याकडं बघत सांगायला लागले. यात टॉवर नव्हता, पार्किंग नव्हतं. वैशाखातलं रान होतं. नवं लग्न झालेली बाई नवऱ्याची भाकरी घेऊन येते. दोघं बांध ओलांडून आंब्याखाली जातात. तिचा पदर बाभळीच्या काट्यात अडकतो आणि तो सोडवताना त्याचे हात थरथरतात. बांगड्या वाजू नयेत म्हणून ती त्या वर सारते आणि त्यांच्यावर पदराचं टोक गुंडाळते. पुढचंही शेठनं सगळं सांगितलं, एकही टिंब न टाकता. की-बोर्डवर माझी बोटं थांबली. मी विचारलं, शेठ, रानात बांगड्या ऐकायला कोण होतं? ते म्हणाले, तू टाइप कर.

ही कथा एका स्थानिक दिवाळी अंकात आली. आली म्हणजे शेठनं मागच्या पानाची रंगीत जाहिरात दिली आणि संपादकांना कथेत एकदम मातीचा गंध जाणवला. अब्रूची काळजी म्हणून टोपणनाव घेतलं, ‘मदनकुमार’. आणि मग झाकली मूठ झाकलेली ठेवावी की नाही? शेठनं फराळाच्या पुड्यासोबत अख्ख्या भावकीला अंक वाटले आणि प्रत्येकाच्या कानात सांगितलं, मदनकुमार मीच, कुणाला सांगू नगंस.

घरी मात्र काकींनी अंक चिवड्याच्या डब्याखाली घातला. शेठनं मला ते सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. मला वाईट वाटलं आणि थोडी चोरीही वाटली. कारण आदल्याच दिवशी काकी दुकानात येऊन गेल्या होत्या. अंकाचं ते पान पुढं केलं आणि म्हणाल्या, ह्यातलं अक्षर लागत न्हाई, मोठ्या अक्षरात काढून दे. किती मोठं काढू विचारलं, तर त्यांनी भिंतीवरच्या श्रद्धांजलीच्या बोर्डाकडं बघितलं आणि म्हणाल्या, तेवढं नगं. प्रिंट घेतली, घडी घालून पोथीच्या पिशवीत ठेवली आणि मला बजावलं, ह्यांना बोलायचं न्हाई. मालकाचा पडलेला चेहरा एकीकडं आणि मालकिणीला दिलेला शब्द दुसरीकडं, असा मी मधल्या मध्ये सापडलो.

आता भावकीचं ऐका. मला वाटलं होतं, असली कथा वाचून गावात बोंब होईल, म्हातारे काठ्या घेऊन येतील. कशाचं काय! चोळी, पदर, थरथरणारे हात, एकाच्याही डोळ्यांत काही खुपलं नाही. डोळ्यांत भरलं ते फक्त ‘बांध ओलांडून’.

शेठचं आणि त्यांचे चुलतभाऊ रंगराव यांचं रान शेजारी शेजारी. मधल्या बांधावरून बापांच्या काळापासून भांडण. आंबा ज्याचा, त्याचीच आंब्याखालची जमिनीची पट्टी, आणि पट्टी ज्याची, त्याच्या जमिनीला नवा रस्ता लागतो. बिल्डर दोघांचंही घ्यायला तयार होता, पण आंबा कोणाचा हे आधी ठरवा म्हणाला. शेठ म्हणायचे आंबा आमच्या अंगाला, रंगराव म्हणायचे आमच्या. आणि आता रंगरावांच्या हातात दिवाळी अंक आला. दौलतच्या रानातून निघून बांध ओलांडला तर आंबा लागतो, म्हणजे आंबा बांधापलीकडं, म्हणजे माझा! दौलतनं स्वतः लिहून, छापून, वर चकलीसोबत घरपोच दिलंय! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

देवळाच्या सभामंडपात भावकी बसली. समजुतीच्या कागदावर बायकांच्याही सह्या लागतात म्हणून कस्तुराकाकी आणि रंगरावांची मंडळी खांबापाशी येऊन बसल्या होत्या. सहीपुरतं बोलावलेल्या बायकांना चहाही शेवटी मिळतो. मला बोलावलं होतं टाइप करणारा म्हणून. सगळ्यांत वडील अर्जुनराव. ते म्हणाले, वाच.

मी ती कथा देवासमोर, पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या पुढ्यात मोठ्यानं वाचली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. ऐकणारे मात्र मोजणीला आल्यासारखे गंभीर. एकानं विचारलं, बांध उगवतीकडनं ओलांडला का मावळतीकडनं? दुसरा म्हणाला, बाभळ होती म्हणजे ती विहिरीकडची बाजू. रंगराव म्हणाले, चोळीचं सोड, बांधाचं परत वाच. अर्जुनरावांनी आंब्याखालचा उतारा तीनदा वाचायला लावला. तो बांधासाठी की कशासाठी, हे त्यांचं त्यांना माहीत.

शेठचा वकील संघर्ष नावाचा पोरगा होता. तो शेठच्या कानाशी लागला. म्हणाला, काका, सोपं आहे. कथा काल्पनिक आहे म्हणा, असं काही घडलंच नाही म्हणा. मग बांधही काल्पनिक.

शेठ काकींकडं न बघता उभे राहिले. पोथीच्या पिशवीतली ती घडी एकट्या मला माहीत होती. ज्या एका माणसानं कथा वाचावी म्हणून हा गडी मरत होता, तिनं वाचली होती. आणि आता तिच्यासमोरच हा ती पुसायला निघाला होता. पट्टी सोन्याच्या भावाची होती, मला कळत होतं. पण त्या वेळी मला शेठचा फार राग आला.

“ती गोष्ट हाय,” शेठ म्हणाले. “सगळं खोटं. आसं कदी घडलंच न्हाई.”

काकींनी सहीसाठी हातात दिलेलं पेन खाली ठेवलं.

“घडलं कसं न्हाई?” त्या म्हणाल्या. “मी व्हते की तितं.”

संघर्षनं काकींना खूण करून बघितली, पण काकींचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या शेठकडं बघत होत्या.

“बांध ओलांडला व्हता. आंबा रंगभावजींच्याच रानात व्हता, म्हणून तर तिकडं गेलो. आपल्या रानात सासूबाई खुरपत बसल्या व्हत्या. त्यांच्या म्होरं काय करनार व्हतो?”

बांगड्या कोणाला ऐकू जाणार होत्या, ते मला तेव्हा कळलं.

रंगराव आनंदानं उठायला गेले, पण अर्जुनरावांनी हात वर केला. त्यांनी डोळे मिटले, बराच विचार केला आणि साक्ष तपासली. म्हणाले, “दौलतची आई, सोजराबाई, खुरपायला बसली की कडंपत्तुर उठायची न्हाई, हे खरं हाय.” झालं. एवढ्यावर निकाल लागला. आंबा रंगरावांचा, पट्टी रंगरावांची, रस्ता रंगरावांचा. काकींनी पेन उचललं, कागद ओढला, डोळ्यांजवळ धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा आधी पूर्ण वाचला. मग सही केली. डोक्यावरचा पदर नीट करून चहाची वाट न बघता घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेठ दुकानात आले. मला वाटलं, आता गाळा खाली कर म्हणणार, कथा टाइप केल्याबद्दल. ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ मशीनमधून सरकणारा फ्लेक्स बघत राहिले. फ्लेक्स नेमका रंगरावांचा होता, ‘ही जागा खाजगी मालमत्ता आहे’. मला कुठं तोंड लपवू असं झालं. शेठला त्याचं काहीच नव्हतं.

“तिनं वाचली कवा रं?” ते म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. मोठं अक्षर, पोथीची पिशवी, अंक डब्याखाली घालायच्या आदल्याच दिवशी. शेठनं प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. काय म्हणाली, कशी म्हणाली, घडी कशी घातली, हसली का. लाखमोलाची पट्टी गेलेला माणूस पोथीच्या पिशवीचा रंग विचारत होता. मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि पुसतच राहिले.

“मी त्ये समदं खोटं म्हनलो न्हवं देवळात,” ते म्हणाले. “कालधरनं बोलत न्हाई माझ्याशी. निस्तं एकच बोलली, सासूबाईंना का गाळलं म्हनून.”

मी म्हणालो, बरोबर आहे, बांगड्या ऐकायला कोण होतं, असं मीही विचारलं होतं. त्यावर त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी लगेच फाईल उघडली. शेठनं खुर्ची माझ्या कानाला लावली आणि कथेत आईला आणून बसवलं. खुरपं, डोक्यावरचं फडकं, मधूनच ‘कस्तुरे, कुटं गेलीस गं’ अशी हाक, आणि आंब्याखाली दोघांनी धरलेला श्वास. ऐकताना मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. आधीची कथा याच्यापुढं नुसता आराखडा होती. कोणी गिऱ्हाईक आलं तर मी हातानंच थांबायला सांगत होतो.

प्रिंट काढायची वेळ आली. शेठनं स्क्रीनकडं बघितलं आणि अक्षर अजून वाढवायला सांगितलं. मी वाढवलं. ते म्हणाले अजून. मी म्हणालो, शेठ, एवढं मोठं कशाला, पानं लय होतील.

“हुं देत,” शेठ म्हणाले. “तिचा चष्मा बदलायचा ऱ्हायलाय.”