साधारण डॉक्टर

ग्राहक आयोगाच्या खोलीत डॉक्टर आले आणि त्यांच्यावरच दावा लावणारी बाई पदर सावरत उठून उभी राहिली. ऑपरेशननंतर तिचा नवरा गेला होता. मी मागच्या बाकावर माझ्या पुकाऱ्याची वाट पाहत होतो.

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "कायदा सर्वोत्तम डॉक्टर मागत नाही. साधारण डॉक्टरने घेतली असती तेवढी काळजी घेतली का, एवढंच बघतो."

मी हबकलो. आपण हाताला गुण असलेला देवमाणूस शोधत हिंडतो आणि माप मात्र चारचौघांतल्या माणसाचं.

बाई वकिलाला हळूच म्हणाली, "साधारणच हवा होता तर गावातला सोडून यांच्याकडे कशाला आणलं असतं?"

डॉक्टर निघाले तशी ती पुन्हा उठली. पाहतो तर मीही उभा होतो.