खारीच्या बांधावरची सोपी सायकलफेरी

दिवाळी उलटली त्या आठवड्यात, उजाडता उजाडता पनवेल सोडलं, तेव्हा मी प्रवासी कमी आणि उमेदवार जास्त होतो.

आमचं सायकल मंडळ म्हणजे बहुतेक खारघरची टॉवरवाली मंडळी. त्यांना टी-शर्ट आणि केळी घाऊक भावात मिळवून देणारा मी. मार्ग मात्र दर वेळी पेंडसे सर आखणार, कारण ते प्राध्यापक, नकाशा वाचतात. माझं फरशीचं दुकान. डोक्यावर लाद्या वाहून ते उभं केलं. तेव्हा रस्ते मी पायांनी वाचले. मागच्या बैठकीत सर म्हणाले, "शेठ, तुम्ही केळ्यांचं बघा." माझं डोकं फिरलं. भर बैठकीत मी जाहीर केलं, की येत्या रविवारची फेरी मी आखणार. पाणथळीतून, डोंगरी सायकलवर, पक्षी बघत. आणि इतकी सोपी की सरांनाही दम लागणार नाही.

सर हसून म्हणाले, "सोपी निघाली तर यापुढे सगळे मार्ग तुमचे. नाहीतर पुन्हा केळी."

सौदा पक्का झाला. म्हणून ही पाहणी.

गव्हाण फाट्यापासून जासईपर्यंतचं निसर्गवर्णन एका शब्दात होतं: कंटेनर. लाल, निळे, गंजलेले. ट्रेलरच्या चाकांच्या सावलीत ड्रायव्हर स्टोव्हवर चपात्या भाजत होते. एका टपरीवर मी चहा घेतला. कप अंगठ्याएवढा.

"एवढासाच?" मी आवाज चढवला.

"सायकलवाल्यांना एवढाच देतो," टपरीवाला शांतपणे म्हणाला. "पुढं आडोसा नाय."

जासई मागे पडल्यावर कच्चा रस्ता खाडीकडे वळला. तिथे वनखात्याची पाटी होती: संरक्षित क्षेत्र. पाटीच्या मागे पाडलेल्या घरांचा राडारोडा ओतलेला, त्यात मला माझ्या धंद्याचे बरेच तुकडे ओळखू आले. ते ओलांडलं आणि मी सायकलवरून उतरलोच. डावीकडे तिवरांची (खाडीच्या चिखलात वाढणारी झाडं) हिरवी भिंत आणि खाडीचं पाणी. उजवीकडे कापणीला आलेलं पिवळं भात. दोन्हींच्या मधून खाडीचं खारं पाणी अडवणारा मातीचा बांध, सरळ, सपाट. लाल काटक्यांसारख्या पायांचे शेकाटे पक्षी उथळ पाण्यात किडे टिपत होते. चढ नाही, ट्रेलर नाही. पेंडसे सरांचा पडलेला चेहरा मला तिवरांच्या वर स्पष्ट दिसला.

बांधाच्या मध्यावर मातीचा रंग काळा झाला. ओला, जरा खचलेला पट्टा होता. मी गिअर उतरवला आणि जाड टायरनी तो मोठ्या ऐटीत कापला.

"ए शेट! उतर पैला! उतर!"

कासोटा मारलेली, साठीची एक बाई घमेलं घेऊन धावत येत होती. मी तोंड उघडणार, तोच तिने माझ्या मागे बोट दाखवलं. टायरने काळ्या चिखलात तिरकी चर पाडली होती. भरती चढत होती आणि त्या चरीतून पाण्याचा दोरा भाताकडे सरकत होता. बघता बघता दोरा बोटाएवढा झाला, कडा ढासळू लागल्या.

रात्रीच्या भरतीत तिथे खांड (बांधाला पडलेलं भगदाड) पडली होती. गावाने ती अर्धी भरली होती आणि गाव न्याहारीला गेलं होतं. राखणीला ही एकटी, हिराबाय. उरणच्या बाजारात मासळी विकते आणि बांधाचा कारभार बघते.

"खारा पानी आत गेला तं कापनी गेली," ती म्हणाली. "न् पुडच्या सालाला पन कायी उगवाचा नाय."

"काय नुकसान होईल ते मी भरून देतो," मी म्हणालो. सवय.

"पैसं भरतीला दे. घेते काय बग."

मग तिने गावाच्या दिशेने अशी हाळी घातली की शेकाटे उडाले, आणि रिकामं घमेलं माझ्या हातात दिलं. इथली रीत अशी: खांड पडली की घरटी एक माणूस येतो, आणि त्या वेळी बांधावर जो सापडेल त्यानेही माती उचलायची, मग तो पाहुणा असो की जावई.

"जावयालासुद्धा घमेलं?"

"जावयाला दोन."

मी गुडघाभर चिखलात उतरलो. गाव आलं, रांग लागली, घमेली हातोहात फिरली. पाणी थांबलं तेव्हा माझे खांदे फरशी वाहायच्या दिवसांसारखे भरून आले होते. बांधावरच तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मिळाली. पोटात पडल्यावर माझ्यातला व्यापारी जागा झाला.

"मावशी, रविवारी वीस सायकली आणतो."

"नाय."

"दहा?"

"माती वाळल्याबिगर चाक नाय."

"बरं, अर्धा बांध सायकलवरून, अर्धा चालत."

"भरती अर्ध्या बांधावं थांबते काय?"

"माझ्याकडे लाद्यांचे तुकडे आहेत. ट्रकभर पाठवतो, बांध पक्का होईल."

सगळी रांग हसली. "पाटीच्या मागं बगितलास ना?" हिराबाय म्हणाली. "असंच दानशूर शेट येतात तिकरं."

मी घाईघाईने आणखी एक भाकरी मागितली. मग तिनेच भाव काढला. सायकली गावातल्या देवळाजवळ ठेवायच्या, चालत यायचं, खांडीवर मातीचा थर चढवायचा. माणशी दहा घमेली.

"पाच."

"आठ. भाकरी आमची."

"सहा, आणि पक्षी तुम्ही दाखवायचे."

"पक्षी काय, डोलं हायत तं दिसतील. आठ!"

आठवर सौदा पटला. चिखलाचा भाव मी आयुष्यात पहिल्यांदा पाडला.

परतताना साखळीत इतका गाळ होता की निम्मा रस्ता सायकल ढकलली. त्या सपाट बांधाला मी सोपा म्हणत होतो. तो सपाट राहावा म्हणून दर मोठ्या भरतीला एक गाव जेवण टाकून धावतं, हे कुठल्या नकाशात नव्हतं. सरांच्या नाही आणि माझ्याही नाही.

घरी पोचतो तोच पेंडसे सरांचा फोन. "मग शेठ? सोपा आहे ना मार्ग?"

"चढ एकही नाही," मी म्हणालो. धंद्याची गोष्ट असती तर इथेच थांबलो असतो. पण ते पिवळं भात अजून डोळ्यांसमोर उभं होतं. मी सगळं सांगितलं, माझ्या टायरच्या चरीसकट.

"म्हणजे पैज तुम्ही हरलात."

"हरलो. पण रविवारी माणसं लागणार आहेत."

"आणि या फेरीत पुढे कोण असेल? तुम्ही?"

"हिराबाय. आपण सगळे तिच्या मागे. तुम्हीसुद्धा, सर."

मग सरांनी हळूच विचारलं, "घमेलं साधारण किती जड असतं हो?"

मी वजन सांगितलं. खऱ्यापेक्षा जरा कमीच.