कोंडाजीची पाठ

कोळवणच्या कोंडाजी पैलवानाची पाठ आजवर मातीला लागलेली नव्हती. ही बातमी खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होती, कारण ती सांगायचं काम कोंडाजी स्वतः करत असे. गुडघे टेकले, पोटावर पालथा पडला, नाकाने माती उकरली, तरी ते पडणं नव्हे. पाठ लागली तरच हार, हा आखाड्याचा कायदा. गडी झोपायचासुद्धा कुशीवर. रंभाबाई नवी नवरी होती तेव्हा तिने एकदा कारण विचारलं तर म्हणाला, “उताणं निजलं की पाठीला वाईट सवय लागती.”

आता सत्तरी उलटली होती. अंगाचा डोंगर तसाच, पण खालच्या खांबांना वाळवी लागलेली. कधी उंबऱ्याला अडखळून, कधी गोठ्यात, कधी न्हाणीत पैलवान आपटायचे. उठून गुडघे झटकायचे आणि समोर कोणी नसलं तर म्हशीला सांगायचे, “पाठ लागली न्हाई.”

म्हैस बिचारी मान हलवायची. रंभाबाईला तशी मान हलवता येत नसे. डोक्यावर हंडा घेऊनही ती कोंडाजीच्या काखेखालून निघून जाईल एवढीच तिची उंची. दोन्ही लेकी लांब दिलेल्या, घरात ही दोघंच. हा एकदा आडवा झाला तर ह्याला उचलणार कोण, हा एकच घोर तिच्या जिवाला लागला होता.

तिने सुतार बोलावून उंबरा तासून घेतला. न्हाणीतल्या दगडावरचं शेवाळ काथ्याने घासून काढलं, वर राख पसरली. धरायला म्हणून भिंतीत जाड खुंटी ठोकून घेतली, डोंगरातून चिव्याची, भरीव बांबूची काठी आणवली. कोंडाजीने खुंटीला लंगोट वाळत घातला आणि काठीने कोंबड्या हाकलल्या.

“अवो, काठी धरा की हातात!”

“काठी घिऊन फडात कोन उतरतं?”

“फड कुटला? न्हाणी हाय ती!”

“पैलवानाला समदी भुई फडच.”

हे भांडण ऐकत ओटीवर हैबतराव तंबाखू मळत बसलेला असे. जवानीत जत्रेजत्रेला कोंडाजीकडून चीतपट होण्याचं व्रत त्याने निष्ठेने पाळलं होतं. आता तो दोस्त होता आणि काठी टेकत रोज चहाला यायचा.

“वैनी,” तो म्हणाला, “ह्यानं मला इतक्या येळा पाडलंय, की कसं पडायचं ते माझ्या हाडांस्नी ठावं हाय. अंग सोडून द्याचं, हनुवटी छातीला लावायची, आन् खुशाल पाठीवर जायाचं. परवा बांधावरनं गेलो की! उठलो, घरी आलो, भाकरी खाल्ली.”

“घ्या! हरलेला गडी आता मला शिकवाया लागला,” कोंडाजी हसून हसून खोकला.

रंभाबाई मात्र हसली नाही. तिने पोत्यात भाताचा पेंढा ठासून भरला आणि ते गुबगुबीत पोतं न्हाणीत, कोंडाजी बसायचा त्याच्या मागे, पसरून ठेवलं. मागे गेला तर पेंढ्यात जाईल.

भात निसवायला आलं होतं, लोंब्या डोकावत होत्या, तेव्हाची गोष्ट. आंघोळ करून कोंडाजी उठला, खुंटीवरचा लंगोट घ्यायला वळला आणि टाच सरकली. रंभाबाई पाण्याची कळशी घेऊन दारातच होती. तो सरळ मागे चालला होता, पोत्यावर. तिच्या मनात आलंसुद्धा, गेला पेंढ्यात, वाचला! आणि पडता पडता कोंडाजीचं अंग गर्रकन फिरलं. त्याने फिरवलं नाही. जन्माची सवय, आपसूक फिरलं. पोतं राहिलं बाजूला, कंबर दगडाच्या काठावर आली. वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

“पाठ...” कोंडाजी कण्हला, “पाठ लागली न्हाई.”

हाडवैद्याने बांबूच्या कांबट्या बांधल्या. पौडहून डॉक्टर आले. दोघांचं कशातच एकमत झालं नाही, एक गोष्ट सोडून: उताणं निजायचं, हलायचं नाही.

कोंडाजी आढ्याकडे बघत पडला. आल्यागेल्याला जत्रेची एकही गोष्ट सांगेना. सुरुवातीला शेजारची माणसं येऊन त्याला उचलायची, पुसायची. मग भातकापणी सुरू झाली. ज्याचा त्याचा हात ज्याच्या त्याच्या शेतात अडकला. ज्या पाठीला जन्मात माती लागली नाही, तिच्यावर जखमा झाल्या. रंभाबाई कडुलिंबाच्या पाण्याने जेवढं पोचेल तेवढं धुवायची. घरात वास भरून राहिला.

“अगं, कुशीवर कर मला. येवढं कर.”

ती त्याच्या खांद्याखाली डोकं घालून जोर लावायची. जात्याचा दगड हलेल एवढाही तो हलत नसे. मग ती तिथेच बसून रडायची आणि तो म्हणायचा, “डाव चुकतुया तुझा. कमरंतनं लाव जोर.”

खळी उरकायच्या सुमारास त्याला घरघर लागली. भाऊबंद जमले. रीतीप्रमाणे त्याला खाटेवरून खाली, सारवलेल्या भुईवर घ्यायचं ठरलं. रंभाबाई आडवी आली.

“भुईवर घ्या. पर पाठीवर न्हाई.”

“आता कुटं फड धरलास, म्हातारे?” एक चुलतभाऊ खेकसला. “कुशीवर ऱ्हाईल का त्यो? धरनार कोन?”

हैबतरावाने काठी भिंतीला टेकवली. धापा टाकत तो भुईवर बसला, मग आडवा झाला आणि म्हणाला, “द्या हिकडं.”

चौघांनी कोंडाजीला उतरवून कुशीवर ठेवलं. मागून हैबतरावाने आपली छाती त्याच्या पाठीला लावली, वरून हात टाकून घट्ट धरलं. जखमांचा वास तोंडावर येत होता. त्याने तोंड फिरवलं नाही. कोंडाजीने डोळे किलकिले केले. ती पकड त्याच्या ओळखीची होती.

“हैबत? कंचा डाव लावतुयास?”

“डाव न्हाई, पैलवान. टेकू दिलाय.”

“सोडू नगंस.”

“न्हाई.”

ऊन ओटीवरून उतरेपर्यंत हैबतराव तसाच पडून राहिला. कोंडाजीचा श्वास थांबल्याचं सगळ्यांच्या आधी त्यालाच कळलं, तरी त्याने पकड सोडली नाही. मग हळूच म्हणाला, “वैनी, जरा हात द्या. मला पडाया येतं, उठाया न्हाई.”

रंभाबाईने कोपऱ्यातली चिव्याची काठी आणून त्याच्या एका हातात दिली, दुसरा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याला उठवून उभं केलं.