विरूपाक्षअण्णांचं वारसाप्रेम

"आमच्या घराण्यात अक्कल सगळी म्हशींच्या वाट्याला गेली, शेण काढणं तेवढं आमच्याकडं आलं," असं विरूपाक्षअण्णा स्वतःच सांगत.

गवळी गल्लीतले हे अण्णा वडिलांच्या मागं वेड्यांच्या इस्पितळाला दूध घालायचे. संस्थानकाळातली काळ्या दगडाची इमारत, कमानींचे लांब व्हरांडे, भोवती ऐसपैस आवार. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं ते इस्पितळ बंद केलं. रुग्णांना गाडीत बसवून दुसऱ्या गावी हलवलं, दारांना कुलपं लागली आणि आवारात कमरेएवढं गवत माजलं. अण्णांनी तिथं म्हशी सोडल्या. कुणी हटकलं नाही.

पुढं इमारतीच्या नवनव्या बातम्या येत राहिल्या. कोर्ट येणार म्हणाले, मग संग्रहालय, मग मुलींचं वसतिगृह. अण्णा प्रत्येक बातमीला मान डोलवत आणि म्हशी सोडत. पण २००२ साली, ती पाडून व्यापारी संकुल उभारायचं घाटतंय असं पेपरात आलं, तेव्हा त्यांची मान डोलली नाही. वैरण विकत आणायची पाळी येणार होती.

त्याच आठवड्यात प्रियदर्शनी नावाच्या आर्किटेक्ट बाईंनी इमारत वाचवण्यासाठी सभा बोलावली. अण्णा गेले, मागं बसले आणि 'कुणाला बोलायचंय का?' म्हटल्यावर उठले.

"ही नुसती इमारत न्हाय, आमची आई हाय," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांच्या फोटोखाली 'वारसाप्रेमी' असं छापलं.

"अवो, वारसा म्हंजे काय?" त्यांच्या बायकोनं, रत्नव्वानं विचारलं.

"फुकट घावलेलं," अण्णा म्हणाले. "म्हणून तर सोडवत न्हाय."

मोर्चा निघाला तेव्हा अण्णांनी दिवाळीच्या पाडव्याला सजवतात तशा म्हशी सजवल्या. शिंगं रंगवली, मोरपिसं लावली. कलेक्टर कचेरीच्या दारात म्हशींनी असं काही ठाण मांडलं, की साहेबांना खाली यावं लागलं. पुढं पाडकामाला स्थगिती मिळाली. प्रियदर्शनीबाईंच्या बचाव समितीनं अण्णांना शाल-नारळ देऊन व्यासपीठावर बसवलं.

सत्कार झाला आणि प्रियदर्शनीबाईंनी पहिला ठराव वाचला. "वास्तूच्या परिसरात गुराढोरांना मज्जाव असावा. अनुमोदन कोण देतंय?"

टाळ्यांची धुंदी अजून उतरली नव्हती. अण्णांनी 'वास्तू' एवढंच ऐकलं. सगळ्यात आधी हात त्यांचाच वर गेला.

"माझ्याच म्हशीस्नी हाकलून आलोय," त्यांनी घरी येऊन सांगितलं. रत्नव्वाला भाकरी थापता थापता हसू आवरेना. मग अण्णाही हसले, आणि दुसऱ्या दिवशी वैरण आणायला गेले.

फाटकाची किल्ली मात्र समितीनं मोठ्या विश्वासानं त्यांच्याकडंच दिली. भिंतींत रुजलेली पिंपळाची रोपं उपटायचं कामही गळ्यात पडलं. चरफडतच ते गेले. बायकांच्या वॉर्डाच्या व्हरांड्यात रोपं ओढताना त्यांना धोंडुबाई आठवली. शाहूवाडीकडची रुग्ण. रोज सकाळी पेला पुढं करून विचारायची, "हे दूध आमच्या घरचं हाय न्हवं?" अण्णा थट्टेनं "व्हय" म्हणायचे, तेव्हा कुठं ती प्यायची. तिच्या घरचं कुणी कधी फिरकलं नाही. रुग्णांची गाडी सुटली त्या सकाळी अण्णा पोचले तेव्हा व्हरांडा रिकामा होता. भरली किटली तशीच घरी आली होती.

हातातलं रोप खाली ठेवून ते पायरीवर टेकले. मग उठून उरलेली रोपं काढली.

पुढं दर सोमवारी ते न सांगता जायला लागले.

"अण्णा, तुमच्यासारखी निष्ठा मी पाहिली नाही," प्रियदर्शनीबाई एकदा म्हणाल्या.

"निष्ठा कसली मॅडम. गवतापायी आलतो, हितंच अडकलो की."

बाईंना तो विनय वाटला.

२००८ साली एक तरुण इंजिनिअर मोजमापाची टेप घेऊन आला. अण्णांनी फाटक उघडलं, टेपचं एक टोक धरलं.

"ह्या खेपेला काय व्हणार, पावणं?"

"वर अजून काही ठरलेलं नाही. मला फक्त मोजायला सांगितलंय."

"मग सावकाश मोजा की," अण्णा म्हणाले. "घाई कुणालाच न्हाय. चा सांगू?"