सोन्याला टाचलेलं कार्ड

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत दसऱ्याला मशीन चालवत नाहीत. सकाळी ते पुसायचं, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा. एकदा हार पडला की दुसऱ्या दिवसापर्यंत त्या मशीनचं बटण कुणी दाबत नाही. मग शटरं उघडी ठेवून सगळे एकमेकांच्या गाळ्यात पेढे खात आणि आपट्याची पानं देत फिरतात. ऐंशीच्या दशकात माझ्या थोरल्या भावाने कंपनीतली पक्की नोकरी सोडून तिथे भाड्याने एक गाळा घेतला, धातू कातायचं जुनं लेथ बसवलं आणि तोही या रिवाजात सामील झाला.

सामील होण्याची त्याची पद्धत मात्र वेगळी होती. लघुउद्योजकांच्या कुठल्याशा व्याख्यानात त्याने ऐकलं होतं की धंदा ओळखीवर चालतो आणि ओळख करून घ्यायची एकही संधी सोडू नये. पहिल्याच दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी घाटकोपरच्या आमच्या घरात तो आपट्याच्या पानांची जुडी आणि नव्या छापील कार्डांचा गठ्ठा घेऊन बसला. प्रत्येक पानाला एक कार्ड टाचायचं होतं. स्टेपलर माझ्या हातात दिला.

"दादा, हे बरं दिसेल का रे?"

"तू बातम्या लिही. धंद्यातलं तुला काय कळतंय?"

लोकांनी ती पानं घेतली, हसले, पेढा दिला. शेजारच्या गाळ्यातल्या काकांनी तसं केलं नाही. ते मूळचे मालवणकडचे, भावाहून वयाने बरेच मोठे, आणि भाऊ करायचा तसलीच कामं करणारे. त्यांनी स्टेपलची तार नखाने उचकटली.

"सोनं ठेवतो. हे परत घेऊन जा," कार्ड पुढे करत ते म्हणाले. "दसऱ्याला आलायस की टेंडर भरायला?"

गाळ्यातले सगळे हसले. भाऊ त्यानंतर वर्षभर काकांकडे कामापुरताच गेला. काम म्हणजे मायक्रोमीटर. भावाकडचा खराब झाला होता आणि नवा घेणं तो पुढे ढकलत होता. जाडी मोजायची असली की काकांकडून आणायचा, मोजून झालं की परत. काका त्याच्याशी मुंबईचं मराठी बोलत, तेही मोजकंच.

पुढच्या दसऱ्याच्या सुमारास मुलुंडच्या एका कारखान्याने त्याला पंपात बसणाऱ्या बुशांचं, म्हणजे गनमेटल या मिश्रधातूच्या छोट्या नळ्यांचं, काम दिलं. ही पहिली ऑर्डर चाचणीची होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माल गेटवर पोचला तर काम कायमचं, नाही तर दुसरा माणूस बघू, असं खरेदी विभागाच्या साहेबांनी सांगितलं होतं. तोवर गाळ्याचं भाडं कसंबसं निघत होतं. ही ऑर्डर गेली असती तर शटर ओढून भावाला जुन्या कंपनीच्या दारात उभं राहावं लागलं असतं.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, थोडे बुश बाकी असताना, लेथची मोटर जळाली. मोटर दुरुस्त करणाऱ्या वायंडिंगवाल्याने सांगितलं, दसरा झाल्याशिवाय हात लावणार नाही.

दसऱ्याला आमच्या वृत्तपत्राला सुट्टी होती. सकाळी मी भावाबरोबर मरोळला गेले. त्याच्या हातात कच्चा माल आणि ड्रॉइंगची गुंडाळी होती. गेल्या वर्षी ज्यांना ज्यांना कार्ड दिलं होतं, त्या प्रत्येकाकडे तो गेला. सगळ्यांनी अगत्याने बसवलं.

"अरे यार, आत्ताच हार घातला बघ. उद्या ये ना, दिवसभर वापर."

"अर्धा तास आधी आला असतास तर!"

प्रत्येकाने पेढा दिला. खाववत नव्हते, म्हणून भाऊ ते रुमालात बांधत गेला. परत येईपर्यंत रुमालाची पुरचुंडी झाली होती. राहिला होता फक्त शेजारचा गाळा.

तिथे लेथ पुसून लखलखीत केलेलं होतं. समोर रांगोळी घातलेली होती. हार अजून तबकात होता आणि काका उदबत्ती पेटवायच्या बेतात होते.

"काय रे, कार्डं संपली?"

भावाने मोटरचं सांगितलं. काकांनी काडी विझवली आणि हात पुढे केला. "ड्रॉइंग दाखव."

भावाने कागद दिला, पण कोपरा दुमडून. त्या कोपऱ्यात कारखान्याचं नाव होतं, आणि काका तसलेच बुश करत होते.

"घडी उघड. माप काय घडीत लपवलंय?"

भावाने कोपरा सरळ केला. काकांनी नाव वाचलं, कागद मशीनशेजारी लावला आणि हाराचं तबक उचलून माझ्या हातात दिलं.

"पूजा संध्याकाळी. तोवर हे फळीवर ठेव गं. आणि कानस चालवता येते का तुला?"

येत नव्हती. त्यांनी दाखवली. दिवसभर काका आणि भाऊ आळीपाळीने लेथवर उभे राहिले आणि मी बुशांच्या कडा घासत बसले. पेढे द्यायला येणारे दारातच थबकत. दसऱ्याला, तेही या गाळ्यात, मशीन चालू!

"काका, हे काय? पूजा?"

"आंघोळ चाललीय मशीनची," कटिंग ऑइलच्या धारेकडे बोट दाखवत काका सांगत. "आंघोळीआधी हार घालतात होय?"

दुपारी काकू डबा घेऊन आल्या, रांगोळी पुसली गेलेली पाहिली. "पूजा कधी करतलात? देवाक तरी सांगलास?"

"देव बघता हा. तू वाढ."

जेवताना भावाने शेवटी विचारलंच, "काका, तुम्ही का करताय हे?"

"मायक्रोमीटर घेवन जातस तो पुसून, तेल लावून परत देतस," काका भात कालवत म्हणाले. "कार्डापेक्षा ता बरा." भावाशी ते मालवणी बोलले ते त्या दुपारी पहिल्यांदा. पुढे कधी दुसरं बोलले नाहीत.

सूर्य मावळायच्या आत शेवटचा बुश उतरला. काकांनी मशीन पुन्हा पुसलं, रांगोळी काकूंनी नव्याने घातली, नारळ फोडायला काकांनी भावाला पुढे केलं. पुरचुंडीतले पेढे नैवेद्याला उपयोगी पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी माल मुलुंडच्या गेटवर होता. साहेबांनी दोन-चार बुश तपासले आणि पुढच्या कामाचं ड्रॉइंग दिलं. काका त्या कारखान्याकडे कधीही फिरकले नाहीत.

त्यानंतरच्या दसऱ्याला भाऊ नुसतं पान घेऊन शेजारी गेला. काकांनी पान उलटसुलट करून पाहिलं.

"कार्ड खंय?"

"काका, आता पुरे ना."

"अरे, गंमत नाय. अंधेरीचो एकजण लेथवालो शोधता हा. माझ्याकडे काम भरपूर आसा. त्याका काय देऊ?"

भाऊ गाळ्यात गेला. छापलेली कार्डं केव्हाच इतर कामाला लागली होती. पाठीवर माप लिहून तो ती मालाच्या खोक्यांत टाकायचा. शोधून एक सापडलं, तेलाने पिवळं झालेलं, पाठीवर कसलासा व्यास लिहिलेलं. ते त्याने शर्टाला पुसलं आणि नेऊन दिलं. काकांनी ते वाचलं आणि वरच्या खिशात, चष्म्याच्या मागे ठेवलं.